निवृत्तीनंतर ॲस्बेस्टॉसिस निघाला : भरपाई कोणाकडून, कशी आणि किती?

प्रश्न : माझे वडील १९८६ ते २०१२ या काळात ठाणे जिल्ह्यातील ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. पहिली पाच वर्षे ठेकेदाराकडे आणि पुढे कायम. २०१२ मध्ये कारखाना बंद होताना त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सर्व हिशेब मिळाल्याच्या कागदावर सही केली. नंतर ते एका गृहनिर्माण सोसायटीत रखवालदार होते. धाप वाढल्याने एप्रिल २०२५ पासून घरीच आहेत. क्षयाची औषधे दोनदा झाली, उपयोग झाला नाही. जुलै २०२५ मध्ये छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन) पाहून डॉक्टरांनी ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाला व्रण पडण्याचा आजार, असल्याचे सांगितले. वडिलांचे वय ६० आहे. कंपनी म्हणते, आता आमचा काही संबंध नाही. भरपाई मिळू शकते का?

उत्तर :

मिळू शकते. "आता संबंध नाही" हे उत्तर कंपन्या नेहमीच देतात, पण कायद्यात त्याला आधार नाही. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत जाणे आणि आजार अंगावर दिसणे यांत पंधरा-वीस वर्षे, कर्करोगाच्या बाबतीत तीस-चाळीस वर्षेही जातात, हे कायदा आणि सर्वोच्च न्यायालय या दोघांनीही लक्षात घेतलेले आहे. तरीही असे दावे हरलेले मी पाहिले आहेत, आणि ते बहुतेक वेळा कायद्याच्या मुद्द्यावर हरलेले नसतात. आजच्या फुप्फुसाचा त्या काळच्या खात्याशी संबंध जोडणारा कागद नसतो, निदानपत्रात मोघम शब्द असतात, किंवा घाईघाईने एका ठिकाणी अर्ज केलेला असतो आणि त्यामुळे दुसरा मार्ग कायमचा बंद झालेला असतो. म्हणून माझा आग्रह असा, की निदान आणि कामाचा इतिहास ही दोन्ही कामे दावा दाखल करण्याआधी पुरी करावीत आणि मगच मार्ग निवडावा. आपल्याकडे त्यासाठी वेळ आहे, पण भरपूर नाही. मुदतीचा हिशेब पुढे दिला आहे.

निदानापासून सुरुवात करू. एचआरसीटीच्या अहवालात पुष्कळदा "इंटरस्टिशियल लंग डिसीज" एवढेच लिहिलेले असते. रुग्णावर उपचार करायला ते पुरेसे असेल, दाव्यासाठी नाही. फुप्फुसाला असे जाळीदार व्रण पडण्याची कारणे अनेक आहेत आणि कंपनीचा वकील उलटतपासणीत त्यांतले प्रत्येक कारण डॉक्टरांपुढे ठेवतो. म्हणून छातीविकारतज्ज्ञांना भेटताना वडिलांनी कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणत्या धुळीत काम केले हे एका कागदावर लिहून न्यावे आणि ती माहिती केसपेपरवर नोंदवून घ्यावी. डॉक्टरांच्या अभिप्रायात आजाराचे नाव, तो ॲस्बेस्टॉसच्या व्यावसायिक संपर्कामुळे झाला असल्याचे मत आणि त्या मताची कारणे, या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात. सोबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचलेला छातीचा एक्स-रे, फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री आणि फुप्फुसातून रक्तात प्राणवायू किती शिरतो हे मोजणारी डीएलसीओ चाचणी असावी. ॲस्बेस्टॉसिसचे व्रण प्रामुख्याने फुप्फुसाच्या खालच्या भागात आणि दोन्ही बाजूंना असतात, तर क्षयाचे बहुधा वरच्या भागात. दोन्ही बाजूंच्या फुप्फुसावरणावर, विशेषतः श्वासपटलावर, चुना साठलेले जाड चट्टे असतील तर ॲस्बेस्टॉसच्या संपर्काची ती फार बोलकी खूण मानली जाते. असे चट्टे अहवालात नोंदले गेले आहेत का हे मुद्दाम विचारा.

क्षयाच्या औषधांचे जुने कागद टाकून देऊ नका. दोनदा एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू झाली, थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधांनी धाप कमी झाली नाही, ही हकिगत आपल्या बाजूची आहे. निदानाला उशीर का झाला हे तीच सांगते, आणि मुदतीच्या मुद्द्यावर तिची गरज पडणार आहे.

कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ८९ चा (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम १२ चा) वापर फारसे कोणी करत नाही, हे मला खटकते. ॲस्बेस्टॉसिस हा त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला असा आजार असल्याचे ज्या डॉक्टरांना वाटते त्यांनी मुख्य कारखाना निरीक्षकांना, म्हणजे महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, विनाविलंब लेखी कळवायचे असते. आपल्या डॉक्टरांना ही जबाबदारी नम्रपणे लक्षात आणून द्या. एकदा असा अहवाल गेला की सरकारदरबारी आजाराची तारीखवार नोंद होते आणि ती नोंद दावा दाखल करण्याच्या हेतूने तयार केली, असे कोणाला म्हणता येत नाही. शक्य असल्यास अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑक्युपेशनल हेल्थ या संस्थेकडूनही तपासणी करून घ्यावी. ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या फेरतपासणीसाठी तिचे नाव घेतलेले आहे.

तो निकाल समजून घेणे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कामगाराचे आरोग्य आणि वैद्यकीय मदत हा सेवेत असताना आणि निवृत्तीनंतरही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश त्यात आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत पहिली मुदत २०२६ मध्ये आणि दुसरी २०२७ मध्ये भरते, म्हणजे कंपनीवर ही नोंद २०२७ पर्यंत जपण्याचे बंधन आहे. नोंद मागणारे पत्र आजच पोच-पावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. वडिलांच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या कलम ४१-सी नेही धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला आपली आरोग्यनोंद पाहण्याचा हक्क दिला होता. नोंद मिळाली तर उत्तमच. जुन्या वार्षिक तपासणीच्या एक्स-रेवर खुणा दिसत असूनही कामगाराला काहीच सांगितले गेले नव्हते, असे त्यातून निघू शकते. ती मिळाली नाही, तर जपण्याचा आदेश असलेला कागद दडवणाऱ्या पक्षाविरुद्ध अनुमान काढण्याची विनंती आपल्याला करता येते. दोन्ही परिस्थितींत ते पत्र कामाचे आहे. याच निकालात, आजार प्रमाणित झालेल्या संबंधित कामगारांना प्रत्येकी १ लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश होता. ती रक्कम आजच्या दाव्याची कमाल मर्यादा आहे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पुढे २०११ मध्ये कल्याणेश्वरी प्रकरणात न्यायालयाने ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालायला नकार दिला, पण १९९५ चे आदेश काटेकोर पाळण्यास केंद्राला आणि राज्यांना बजावले.

आता कामाचा इतिहास. कायम नोकरीची वर्षे सिद्ध करणे अवघड जाऊ नये : नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक, ईएसआयचे (राज्य कामगार विम्याचे) कार्ड, ग्रॅच्युइटीचा हिशेब आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद, यांतले जे मिळेल ते गोळा करा. पण या कागदांवर "कामगार" किंवा "ऑपरेटर" एवढेच लिहिलेले असते, आणि कंपनी म्हणते की हे धुळीच्या खात्यात नव्हतेच. म्हणून खरे महत्त्व खात्याला आहे. त्याच पाळीत काम केलेल्या दोघा-तिघा सहकाऱ्यांची शपथपत्रे घ्या आणि त्यांत विशेषणांपेक्षा कृती लिहा : ॲस्बेस्टॉसच्या गोणी हाताने फोडून मिश्रणात कोण ओतत असे, रिकाम्या गोणी झटकून घडी कोण घालत असे, वाळलेल्या पाइपांची टोके यंत्रावर घासताना पाणी सोडले जात होते की नाही, जमिनीवरचा चुरा ओला करून उचलत की कोरडाच झाडूने लोटत, धूळ ओढणारा पंखा किती दिवस बंद असे, मास्क दिला जात होता का आणि तो कसला होता. "खूप धूळ होती" या वाक्याला उलटतपासणीत काही किंमत उरत नाही. "रोज सकाळी मिल खात्यात गोणी फोडताना समोरचा माणूस धूसर दिसायचा", हे मात्र तीन साक्षीदारांनी आपापल्या शब्दांत सांगितले तर ते टिकते. कारखान्याचा परवाना, मंजूर नकाशे, निरीक्षकांचे शेरे आणि हवेतील तंतूंच्या मोजमापाचे अहवाल यांसाठी संचालनालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. कारखाना बंद झाल्यावरही या नोंदी सरकारी दप्तरात असू शकतात.

ठेकेदाराकडची पाच वर्षे सोडून देऊ नका. ठेकेदार आज सापडत नसला तरी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचे कलम १२ सांगते, की मालकाने आपल्या धंद्याचेच काम ठेकेदारामार्फत करून घेतले असेल तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे की नाही हे त्याने पाहायचे असते. गोणी फोडणे हे पत्रे बनवण्याच्या धंद्याचेच काम आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. धुळीची सर्वांत वाईट कामे बहुतेक ठिकाणी ठेकेदाराच्या माणसांकडे दिली जात. म्हणूनच ती वर्षे वैद्यकीय दृष्ट्याही सर्वांत महत्त्वाची असू शकतात.

यानंतर मार्गांचा प्रश्न. पहिला मार्ग राज्य कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा. दुसरा कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, त्या कायद्याने भरपाई ठरवण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांपुढे दावा करण्याचा. तिसरा निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावण्याचा. हे मार्ग एकमेकांना अडवतात. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे, विमाधारक कामगाराला नोकरीमुळे झालेल्या इजेबद्दल मालकाकडून दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, आणि वेस्टर्न इंडिया प्लायवुड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी दिवाणी दाव्यालाही लागू असल्याचे स्पष्ट केले. १९२३ च्या कायद्याचे कलम ३(५) म्हणते, की आयुक्तांपुढे दावा केला तर दिवाणी दावा चालणार नाही आणि दिवाणी दावा लावला तर आयुक्तांकडे जाता येणार नाही. म्हणून "आधी एक करून पाहू, नाही जमले तर दुसरे" ही पद्धत इथे घातक आहे.

आपल्या बाबतीत वडील कोणत्या वर्षी विम्याखाली होते आणि कोणत्या वर्षी नव्हते याचा तक्ता करावा लागेल. विम्याला पगाराची मर्यादा असते : ऑक्टोबर २००६ पासून ती १०,००० रुपये, मे २०१० पासून १५,००० आणि जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. जुन्या कायम कामगारांचा पगार मर्यादेच्या वर जाऊन ते मधली काही वर्षे विम्याबाहेर पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ठेकेदाराने त्यांना विम्यात घेतलेच नव्हते, असेही निघू शकते. वर्गणी भरण्यात मालकाने कसूर केली असली तरी ईएसआय महामंडळाने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी तरतूद ईएसआय कायद्याच्या कलम ६८ मध्ये आहे, त्यामुळे केवळ थकबाकीच्या कारणावरून हक्क नाकारला तर ते मान्य करू नका.

या दोन मार्गांतील फरकही नीट लक्षात घ्या. ईएसआयमध्ये वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतील घट ठरवते आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ दरमहा, आयुष्यभर मिळतो. कामगाराचा त्याच आजाराने मृत्यू झाल्यास पत्नीला आश्रितलाभ मिळतो. वैद्यकीय उपचारांची सोयही त्याच व्यवस्थेत असते. आयुक्तांकडून एकरकमी पैसे मिळतात. वय ६० आणि मागे पत्नी असताना, विम्याचा हक्क निर्विवाद असेल तर मी सहसा मासिक लाभाच्या बाजूने सल्ला देतो. विम्याची वर्षे तुटक असतील आणि धुळीचा मुख्य काळ विम्याबाहेरचा असेल तर आयुक्तांकडचा दावा अधिक मजबूत ठरतो. आपला तक्ता पाहिल्याशिवाय यावर शेवटचे मत देणे योग्य होणार नाही.

कायदा कोणता लागू, हाही प्रश्न कंपनी काढेल. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९२३ चा नुकसानभरपाई कायदा व १९४८ चा ईएसआय कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. भरपाईची मूळ रचना संहितेच्या सातव्या प्रकरणात कायम ठेवलेली आहे. आपल्या वडिलांचे काम सुटणे आणि निदान या दोन्ही घटना त्या तारखेच्या आधीच्या असल्याने त्यांचा हक्क जुन्या कायद्याखाली निर्माण झालेला आहे, आणि कायदा रद्द झाल्याने आधी निर्माण झालेला हक्क सामान्यतः बुडत नाही. अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करून ठेवावा, म्हणजे तांत्रिक हरकतीला वाव राहत नाही.

१९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांचे तीन भाग आहेत. ॲस्बेस्टॉसिस भाग क मध्ये येतो, तर ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसावरणासारख्या आवरणांचा कर्करोग, हे भाग ब मध्ये येतात. भाग ब साठी एका मालकाकडे सलग सहा महिने नोकरी लागते; भाग क साठी केंद्र सरकारने ठरवलेला सलग कालावधी लागतो आणि तो एकाहून अधिक मालकांकडचा मिळूनही चालतो. अशा वेळी सर्व मालक भरपाईला जबाबदार असतात आणि कोणी किती द्यायची ते आयुक्त ठरवतात. नोकरीत असताना आजार झाला तर तो कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. नोकरी सुटल्यावर आजार झाला तरी हक्क आहे, पण तेव्हा तो त्या कामामुळे झाल्याचे आपल्याला दाखवावे लागते. म्हणून आपण दोन्ही अंगांनी मांडणी करावी. तंतू नोकरीच्या काळातच फुप्फुसात रुतले आणि व्रण पडण्याची प्रक्रिया तेव्हाच सुरू झाली, लक्षणे तेवढी नंतर दिसली, त्यामुळे आजार सेवेतच जडला, हे पहिले म्हणणे. ते मान्य न झाल्यास, वैद्यकीय पुराव्यावरून आजार त्याच कामामुळे झाल्याचे सिद्ध होते, हे दुसरे. रखवालदाराच्या कामात ॲस्बेस्टॉसचा संपर्क नव्हता, हे दोन्ही ठिकाणी नमूद करा.

मुदत दोन वर्षांची आहे. आजाराच्या बाबतीत अपघाताची तारीख म्हणून, आजाराने आलेल्या असमर्थतेमुळे कामावरील सलग गैरहजेरी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस धरला जातो. आपल्या बाबतीत तो एप्रिल २०२५ मधला आहे, म्हणून एप्रिल २०२७ च्या आत दावा दाखल झालाच पाहिजे. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली तर लक्षणे प्रथम आढळल्याचा दिवस धरावा, असेही कलम १० मध्ये आहे, आणि त्याचा आधार घेऊन कंपनी म्हणेल की २०१४ नंतर हक्कच उरला नाही. त्या तरतुदीने तारीख ठरवण्याची एक सोय केली आहे. कलम ३ ने नोकरीनंतरच्या आजाराबद्दल दिलेला हक्क तिने काढून घेतला, असा अर्थ निघत नाही. तरीही सावधगिरी म्हणून दाव्यासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा. सबळ कारण असेल तर उशिराचा दावाही आयुक्त स्वीकारू शकतात, आणि क्षय समजून चाललेले उपचार हे सबळ कारण आहे.

रक्कम किती? कायमचे संपूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मृत्यू झाल्यास ५० टक्के धरतात. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून हिशेबासाठी मासिक वेतन कमाल १५,००० रुपये धरले जाते. ६० वर्षांसाठी गुणक ११७.४१ आहे. म्हणजे पूर्ण मर्यादेचे वेतन मान्य झाले तर संपूर्ण अपंगत्वाचे १०,५६,६९० रुपये आणि मृत्यूचे ८,८०,५७५ रुपये होतात. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईच्या क्षमतेत जितके टक्के घट तितकी रक्कम. ४० टक्क्यांना ४,२२,६७६ रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, म्हणून प्रत्येक बिल जपा. निवृत्त कामगाराचे कोणते वेतन धरायचे यावर वाद हमखास होतो. २०१२ च्या शेवटच्या पगाराची चिठ्ठी आणि रखवालदाराच्या पगाराचा पुरावा असे दोन्ही जोडा.

टक्केवारी डॉक्टर ठरवतात, आणि इथे एक भेद करावा लागतो. फुप्फुसाची क्षमता किती टक्के कमी झाली, हा एक प्रश्न आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली, हा दुसरा. प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली असे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर अंगमेहनत केली आणि ज्याला आता एक जिना चढता येत नाही, त्याच्या स्पायरोमेट्रीत ४५ टक्के घट दिसली म्हणून त्याची कमाई ४५ टक्केच बुडाली, असे म्हणणे अन्याय्य आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. त्याच निकालाने भरपाई घटनेच्या दिवसापासून देय होते असेही सांगितले. एका महिन्यात ती न दिल्यास वार्षिक १२ टक्के सरळ व्याज लागते आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. अर्जात या दोन्हींची मागणी करायला पुष्कळ जण विसरतात.

स्वेच्छानिवृत्तीच्या सहीची काळजी करू नका. इजेबद्दलच्या भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्या मर्यादेत रद्दबातल आहे. विडी-सिगारेटचा मुद्दा काढला जाईल. धूम्रपानामुळे ॲस्बेस्टॉसिस होत नाही. कर्करोगाच्या बाबतीत धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस मिळून धोका कित्येक पटींनी वाढतो, पण त्यामुळे मालकाची जबाबदारी संपत नाही. "मास्क दिला होता, यांनी लावला नाही" हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या दाव्यात भरपाई नाकारायला पुरेसा ठरत नाही. "आमचा पांढरा ॲस्बेस्टॉस निर्धोक असतो" असे म्हटले गेले तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉससह, सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणारा ठरवला आहे, हे आपल्या तज्ज्ञ साक्षीदाराने सांगावे.

बंद कारखान्याच्या बाबतीत, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली का आणि जमीन कधी विकली गेली, हे कंपनी निबंधकांच्या आणि दुय्यम निबंधकांच्या नोंदींतून काढा. विलीनीकरणाच्या योजनेत जुन्या जबाबदाऱ्या कोणी घेतल्या ते लिहिलेले असते. कारखाना त्या काळात परदेशी कंपनीच्या ताब्यात होता असे निघाले, तर वेगळ्या तज्ज्ञ वकिलांचा सल्ला घ्या. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ॲस्बेस्टॉस कामगारांना केप या कंपनीवर इंग्लंडमध्ये दावा चालवू दिला, आणि २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने उपकंपनीच्या कामगाराबाबत मूळ कंपनीचीही जबाबदारी मान्य केली. मात्र हा मार्ग लांबचा आहे. त्यासाठी इथला दावा थांबवू नका.

वडिलांचे धुळीने भरलेले कपडे घरी कोण धूत असे, हे आपण लिहिलेले नाही. आई धूत असेल तर तिचीही तपासणी करून घ्या. ती कर्मचारी नसल्याने आयुक्तांपुढे तिला दावा करता येणार नाही; तिचा हक्क दिवाणी न्यायालयातला आहे आणि वडिलांच्या दाव्यापासून पूर्णपणे स्वतंत्र आहे.

दावा ते राहतात तिथल्या अधिकारक्षेत्रातही दाखल करता येतो, कारखान्याच्या गावी हेलपाटे घालण्याची गरज नाही. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आयुक्तांच्या निकालाविरुद्ध मालक उच्च न्यायालयात गेला तरी त्याला आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते.

शेवटचा मुद्दा लिहिणे जड जाते, पण तो आधी माहीत असायला हवा. वडिलांची साक्ष लवकर नोंदवून घेण्यासाठी सुरुवातीलाच अर्ज करा, कारण कामाचे वर्णन त्यांच्याइतके कोणीही करू शकणार नाही. पुढे कधी फुप्फुसाची किंवा फुप्फुसावरणाची बायोप्सी झाली तर तिचे ब्लॉक (मेणात जपलेले नमुने) आणि काचपट्ट्या रुग्णालयाकडून मागून घ्या. दावा चालू असताना त्यांचे निधन झाले तर आश्रितांची नावे दाखल करून दावा पुढे चालवता येतो. आजारामुळेच मृत्यू आला असेल तर शवविच्छेदन करून घेणे आवश्यक ठरते आणि मृत्यूच्या दाखल्यावर "हृदयक्रिया बंद" एवढेच न लिहिता मूळ आजाराचे नाव येईल, हे पाहावे लागते. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरी येऊन परस्पर दिलेल्या रकमेने त्याची जबाबदारी फिटत नाही, म्हणून तशा वेळी कोणत्याही कागदावर सही करू नका.